वर्कशॉपमध्ये ठणठणीत, घरी नादुरुस्त : एका नव्या गाडीचे आणि तिच्या सर्व्हिस सेंटरचे परीक्षण

हे परीक्षण एका नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे आहे, आणि त्याहून अधिक, ती विकणाऱ्या डीलरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे आहे. टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मोबाइल अ‍ॅपशी जोडलेली ‘कनेक्टेड’ यंत्रणा असलेले हे वरच्या श्रेणीतील मॉडेल मी साताऱ्यात घेतले. ऑन रोड किंमत पंधरा लाखांच्या आसपास पडली. कंपनीचे आणि डीलरचे नाव येथे दिलेले नाही, कारण त्यांच्याशी भरपाईबाबतचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. नाव नसले तरी हा मजकूर निरुपयोगी ठरणार नाही, असे मला वाटते. नव्या गाडीत कधी लागणारा, कधी न लागणारा बिघाड निघाला तर ग्राहकावर काय वेळ येते, तो शोधायचा कसा आणि त्याची नोंद करून घ्यायची कशी, हे मला फार कष्टाने कळले आहे. ते दुसऱ्या कोणाला थोडे लवकर कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

गाडीचे गुण आधी सांगितले पाहिजेत. तिची बैठक उत्तम आहे. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात, आणि या गाडीत बसताना त्यांना वाकावे लागत नाही, चढावेही लागत नाही. तपासणीसाठी त्यांना नियमितपणे पुण्याला न्यावे लागत असल्याने गाडी निवडताना हीच बाब मी सर्वांत महत्त्वाची मानली होती. महामार्गावर गाडी स्थिर चालते, ब्रेक विश्वासार्ह आहेत, एसी मागच्या सीटपर्यंत लवकर पोहोचतो. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, आहे आणि असा गिअरबॉक्स गर्दीत तापतो असे मला अनेकांनी बजावले होते, पण कात्रजच्या वाहतूक कोंडीतही त्याने कधी त्रास दिला नाही. गाडी चालते तेव्हा ती चांगलीच चालते, आणि म्हणूनच ती न चालण्याचे दुःख अधिक झाले.

पहिला बिघाड असा होता. गाडी दोन-तीन दिवस पार्किंगमध्ये उभी राहिली की सकाळी रिमोटने दार उघडत नसे. चावीने उघडून आत बसावे, तर डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे, स्टार्टरमधून नुसता टकटक आवाज यायचा आणि सगळे शांत व्हायचे. मग रोडसाइड असिस्टन्सला फोन करायचा, त्यांचा माणूस येईपर्यंत थांबायचे आणि त्याने जंप स्टार्ट, म्हणजे बाहेरच्या बॅटरीने गाडी सुरू, करून दिल्यावर गाडी घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचे. तिथे पोहोचेपर्यंत बॅटरी चार्ज झालेली असे. सर्व्हिस सेंटरचे मीटर ती उत्तम असल्याचे दाखवी, आणि गाडी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ‘ओके’ म्हणून परत मिळे.

दुसरा बिघाड अधिक गंभीर होता. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर अचानक डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि इंजिन असे एकामागून एक इशारे उमटले आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जाईना. ज्याला ‘लिम्प मोड’ म्हणतात ती ही अवस्था. एखाद्या सेन्सरकडून चुकीची माहिती आली की इंजिनाचा संगणक टर्बोचा दाब आणि थ्रॉटल दोन्ही मर्यादित करतो, म्हणजे इंजिनाला इजा होऊ नये. इंजिनाच्या दृष्टीने ही खबरदारी योग्य आहे. परंतु रात्रीच्या वेळी, मागून मालाने भरलेले ट्रक चढत असताना, वडील शेजारी बसलेले असताना गाडीचा वेग रांगण्याइतका होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले असेल त्याला अधिक सांगायला नको. हॅझर्ड दिवे लावून, डाव्या कडेला गाडी घेऊन, ती बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तेव्हा सर्व इशारे गेलेले होते. पुढे सर्व्हिस सेंटरला जाईपर्यंत ती अगदी सुरळीत चालली.

येथून खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली, आणि ती परीक्षा गाडीपेक्षा सेवेची होती.

सर्व्हिस सेंटरमधील माणसे उद्धट नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करते. बसायला स्वच्छ जागा, चहा, वेळेवर फोन, सगळे होते. परंतु त्यांच्या कामाच्या पद्धतीत एक गृहीतक पक्के बसलेले होते : जो बिघाड आमच्या आवारात दिसत नाही, तो बिघाड नाही. बॅटरीविषयीच्या तक्रारीवर मला विचारले गेले, “मॅडम, गाडी रोज चालवत नाही का?” त्यानंतर बाहेरून डॅशकॅम बसवला आहे का, मोबाइलचा चार्जर लावून ठेवता का, दार नीट लागलेले नसेल का, असे प्रश्न आले. डॅशकॅम नव्हता. एकदा त्यांनी बॅटरी बदलूनही दिली, आणि नवी बॅटरीही तशीच उतरली. घाटातील प्रसंगासाठी एका तंत्रज्ञाने सपाट रस्त्यावर थोडा वेळ टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि गाडी व्यवस्थित असल्याचे सांगितले. पेट्रोल कुठून भरता, हाही प्रश्न झाला.

माझा सर्वांत मोठा आक्षेप जॉब कार्डाबाबत, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि करायचे काम ज्यावर नोंदवतात त्या कागदाबाबत, आहे. मी काउंटरवर सांगितले होते : “घाटात चढावर एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिनाचे दिवे एकदम लागले, गाडीची ताकद गेली, बंद करून सुरू केल्यावर पूर्ववत झाली.” कार्डावर टाइप झालेले वाक्य होते : “जनरल चेकअप, वॉर्निंग लाइट तपासणे.” बॅटरीच्या वेळी लिहिले होते : “बॅटरी चेक करणे.” ही काटछाट कोणी दुष्टाव्याने केली असे मी म्हणत नाही, संगणकावर तयार पर्यायांची यादी असते, काउंटरवर रांग असते, आणि अ‍ॅडव्हायझर त्यातील जवळचा पर्याय निवडतो. पण त्याचा परिणाम असा होतो की गाडी एकाच कारणासाठी पुन्हा पुन्हा आली होती, हे कंपनीच्या नोंदीत कुठेच राहत नाही. कागदावर माझी गाडी म्हणजे वरचेवर जनरल चेकअपला येणारी एक निरोगी गाडी होती. उद्या प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेले, तर तिथे माझे शब्द पोहोचणार नाहीत, हे कार्ड पोहोचेल.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट फॉल्ट कोडची. आजच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेचा, सॉकेट असतो. त्याला स्कॅनर जोडला की कोणत्या यंत्रणेने कोणती तक्रार नोंदवली आहे ते दिसते, आणि अनेक कोडांबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान, व्होल्टेज अशी माहितीही साठवलेली असते. तिला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. कधीतरीच होणाऱ्या बिघाडाचा हाच एकमेव साक्षीदार असतो. आमच्या गाडीत कोड होते. ते पाहून लगेच पुसले गेले आणि मला सांगण्यात आले की “कोड क्लिअर केले आहेत, आता काही प्रॉब्लेम नाही.” त्याची छापील प्रत मागितल्यावर ती ग्राहकाला देत नाही, असे उत्तर मिळाले. मी ज्या ग्राहकांना काही सुचवू शकते त्यांना हे पहिले सुचवीन : गाडी आत जाण्यापूर्वीच, कोड पुसण्याआधी स्कॅनचा फोटो घेऊ देण्याची मागणी जॉब कार्डावर लिहून घ्यावी, आणि इशारा दिसेल त्या क्षणी, गाडी सुरक्षित थांबवून, डॅशबोर्डचा व्हिडिओ काढावा. इंजिन बंद केल्यावर त्यातले बरेचसे नाहीसे होते.

गाडी परत देताना मात्र एक विनंती न चुकता केली जाई : “मॅडम, कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचे मार्क कापले जातात.” ज्या मुलाने ही विनंती केली तो कष्टाळू होता आणि त्याच्या पगारावर परिणाम होऊ नये असे मलाही वाटत होते. परंतु ज्या व्यवस्थेत नऊ गुण म्हणजे नापास, त्या व्यवस्थेत मुख्य कार्यालयाला खरी परिस्थिती कधीच कळत नाही. मी फोनवर खरे तेच सांगितले. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरमधले वागणे थोडे दुरावलेले होते, आणि ते मला लागले.

बॅटरीचा उलगडा शेवटी बाहेरच्या माणसाकडून झाला. पोवई नाक्याजवळ गाड्यांचे वायरिंग करणारे एक वयस्कर वायरमन आहेत. वॉरंटीतील गाडीच्या वायरिंगला बाहेरच्या कोणी हात लावला तर कंपनीला नकार देण्यास निमित्त मिळते, हे मी त्यांना आधीच सांगितले. ते म्हणाले, “ताई, वायरला हातसुद्धा लावत नाही. नुसतं मोजतो.” त्यांनी आमच्याच पार्किंगमध्ये येऊन बॉनेट उघडले, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती क्लॅम्प मीटर (केबल न सोडवता प्रवाह मोजणारा चिमटा) अडकवला, दारे लॉक केली आणि किल्ली गाडीपासून दूर, घरात ठेवायला लावली. नंतर ते बराच वेळ काहीच न करता थांबले. गाडी बंद केल्यावर तिच्यातील सगळे संगणक लगेच झोपत नाहीत. काहींना अर्धा तास, तर काहींना त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर घेतलेले मोजमाप फसवे असते.

झोपलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी विद्युतप्रवाह घ्यावा. आमच्या मीटरवर आकडा त्याच्या खाली जाण्याऐवजी ०.६ अँपिअरच्या आसपास रेंगाळत राहिला. गणित सोपे आहे : ०.६ अँपिअर दिवसभर, म्हणजे चोवीस तासांत १४ अँपिअर-तासांहून अधिक. गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. इंजिन सुरू करायला तिच्यात निम्मी शिल्लक तरी हवी, असे धरले, तर दोन दिवसांत खेळ संपतो. हाच प्रवाह ३० मिलिअँपिअर असता, तर गाडी जवळजवळ महिनाभर उभी राहूनही सुरू झाली असती. “रोज चालवत नाही का?” या प्रश्नाचे उत्तर त्या मीटरवर होते.

नंतर त्यांनी एकही फ्यूज न काढता, प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर असलेल्या दोन उघड्या टोकांवर मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या. फ्यूज काढला की झोपलेल्या यंत्रणा जाग्या होतात आणि मोजमाप बिघडते. टेकवून पाहिल्यास ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहत असेल तिथे अगदी सूक्ष्म, मिलिव्होल्टमध्ये, फरक दिसतो. तो एका ठिकाणी दिसला. फ्यूजच्या झाकणावरील आकृतीप्रमाणे ती जागा कनेक्टेड यंत्रणेची होती, म्हणजे गाडीतील सिमकार्ड, जीपीएस आणि अ‍ॅपशी बोलणारे मॉड्यूल.

हे कळल्यावर सगळे चित्र जुळले. आमचे पार्किंग इमारतीच्या तळघरात आहे आणि तिथे मोबाइलची रेंज जवळजवळ नसते. ते मॉड्यूल रात्रभर नेटवर्क शोधत जागे राहत होते. सर्व्हिस सेंटर उघड्यावर, महामार्गालगत आहे. तिथे रेंज पूर्ण, त्यामुळे तिथे मॉड्यूल वेळेवर झोपत असे आणि बॅटरी उतरत नसे. म्हणजे सर्व्हिस सेंटरचे म्हणणे त्यांच्या आवारापुरते खरेच होते. गाडी त्यांच्याकडे रात्रभर ठेवून त्यांनी केलेली तपासणी प्रामाणिक होती, आणि तिचा निष्कर्षही अपरिहार्यपणे चुकीचा होता, कारण बिघाड ज्या परिस्थितीत घडत होता ती परिस्थितीच तिथे नव्हती. घाटाचेही तेच. तापलेले इंजिन, सततचा चढ आणि रस्त्याचे धक्के यांतून होणारा बिघाड सपाट रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसणार कसा? ग्राहक कुठे राहतो, गाडी कुठे उभी करतो, कोणत्या रस्त्याने जातो, हे विचारल्याशिवाय अशा गाडीचे निदान होऊच शकत नाही, आणि माझ्या सर्व भेटींत हे एकदाही विचारले गेले नाही.

मी मोजमापाचे फोटो, डॅशबोर्डचा व्हिडिओ आणि सर्व जॉब कार्डांच्या प्रती जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला सविस्तर ई-मेल पाठवला. डीलरला त्याची प्रत दिली. फोनवर बोललेले हवेत विरते, म्हणून त्यानंतर प्रत्येक फोनचा सारांशही त्याच दिवशी ई-मेलने कळवत गेले. सुरुवातीला ठरावीक साच्यातली उत्तरे आली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार नेऊन तडजोडीचा प्रयत्न करते. तरीही तिचा उपयोग झाला, कारण त्यानंतर कंपनीच्या विभागीय कार्यालयातील एक इंजिनिअर गाडी पाहायला आमच्या घरी आले.

या इंजिनिअरांच्या कामाला मी पूर्ण गुण देते. त्यांनी आधी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि ते माझ्याच शब्दांत लिहून घेतले. तळघरात स्वतः मोजमाप घेतले, त्यांच्या मीटरवरही तोच आकडा आला. मग लॅपटॉप जोडून त्यांनी मला खंबाटकीच्या चढावर गाडी चालवायला सांगितले. बिघाड पूर्णपणे झाला नाही, परंतु चढावर व्होल्टेजमध्ये क्षणभराच्या घसरणी नोंदल्या गेल्या. एकाच वेळी एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन अशा तीन वेगवेगळ्या यंत्रणा तक्रार करतात तेव्हा तिन्ही एकदम बिघडलेल्या असण्याची शक्यता कमी, त्यांना मिळणारा वीजपुरवठा डळमळीत असण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी मला समजावून सांगितले.

वर्कशॉपमध्ये त्यांनी मला गाडीजवळ उभे राहू दिले. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी जिथे बोल्टने बसवलेली असते, तो बोल्ट त्यांनी सोडवला. पट्टीच्या टोकाखाली गाडीचा रंग तसाच होता. धातूला धातू लागायला हवा, तिथे मध्ये रंगाचा थर होता आणि संपर्क केवळ बोल्टच्या आट्यांतून होत होता. रंगावर एका बाजूला काळपट, भाजल्यासारखी चंद्रकोर उमटली होती. त्यांनी पॉलिश पेपरने ती जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, पट्टी पुन्हा बसवली, ठरलेल्या टॉर्कवर आवळली आणि वरून गंजरोधक लावले. त्यानंतर स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि बॉडी यांच्यातील फरक मोजला. तो ०.२ व्होल्टच्या आत असावा लागतो, आणि आता होता. पंधरा लाखांच्या गाडीने घाटात मान टाकण्याचे कारण नखाएवढा रंग होता. कनेक्टेड यंत्रणेचे मॉड्यूल बदलण्यात आले आणि त्याचे सॉफ्टवेअरही अद्ययावत केले गेले.

तेव्हापासून दोन्ही बिघाड पुन्हा झालेले नाहीत. गाडी तळघरात आठवडाभर उभी राहूनही सुरू झाली आहे. मात्र घाट जवळ आला की वडील अजूनही डॅशबोर्डकडे पाहत राहतात, आणि विश्वास ही गोष्ट पार्ट बदलून परत येत नाही, हेही या परीक्षणात नोंदवले पाहिजे.

आता वॉरंटीविषयी, कारण शोरूममध्ये तिच्याबद्दल फार मोठ्या स्वरात बोलले जाते. वॉरंटीची पुस्तिका मी ओळ न ओळ वाचली. तिच्यात कंपनीने दिलेले वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आहे. गाडी बदलून देण्याचे नाही. गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिल्याने झालेला टॅक्सीचा खर्च, बुडालेला दिवस, यांची जबाबदारी स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे, आणि वर्कशॉपमधील दिवस वॉरंटीच्या मुदतीत मिळवले जात नाहीत. विम्याचाही येथे आधार नाही : वाहनाच्या नेहमीच्या स्वनुकसान (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) विम्यातून यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. कर्जाचा हप्ता मात्र गाडी रस्त्यावर असो वा वर्कशॉपमध्ये, ठरलेल्या तारखेला जातोच.

कायद्याची बाजू मी वकील मैत्रिणीकडून समजून घेतली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला, साताऱ्याच्या ग्राहकाला तिथे जावे लागत नाही. दहा ते वीस लाखांच्या वस्तूसाठी शुल्क ४०० रुपये आहे, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो. कायद्याने तपासणी नसलेल्या प्रकरणासाठी तीन महिने आणि तपासणी लागणाऱ्या प्रकरणासाठी पाच महिने असे उद्दिष्ट घातले आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ जाऊ शकतो, हे धरून चालावे.

मात्र संपूर्ण गाडी बदलून मिळण्याची अपेक्षा जपून ठेवावी. २००६ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटीचे वचन सदोष भाग बदलून देण्यापुरते असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही. गाडीत उत्पादनातीलच दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी सामान्यतः तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसती जॉब कार्डांची थप्पी पुरत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या मॉडेलऐवजी आधीच्या वर्षाची गाडी दिली गेल्याच्या प्रकरणात, २०२१ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डीलरच्या कृत्याची जबाबदारी, कंपनीला त्याची माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय, कंपनीवर आपोआप येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्या दिवसापासून लेखी तक्रार डीलर आणि कंपनी या दोघांनाही गेली पाहिजे; नंतर कोणाला काय माहीत होते यावर वाद उरता कामा नये.

याबाबतीत आपला कायदा अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सतत बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि नंतर इतर राज्यांनी तो मार्ग धरला. कॅलिफोर्नियात पहिल्या अठरा महिन्यांत किंवा अठरा हजार मैलांत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, जीवावर बेतू शकणाऱ्या दोषाचे दोन प्रयत्न फसले, किंवा गाडी एकूण तीस दिवसांहून अधिक वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे कायदा गृहीत धरतो, आणि पैसे परत किंवा दुसरी गाडी मागण्याचा ग्राहकाचा हक्क उभा राहतो. असे मोजता येणारे निकष असले की जॉब कार्डावर खरी तक्रार लिहिणे ही ग्राहकाची विनवणी राहत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी दंडाचे नियम लागू झाले, ही चांगली सुरुवात आहे. पण ती एकाच दोषाच्या अनेक गाड्यांसाठी आहे. एकाच गाडीच्या एकाच मालकाला तिच्यातून फारसे काही मिळत नाही.

गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. गाडी आपल्या नावावर नोंदवण्यापूर्वी डीलरच्या यार्डात जाऊन ती पाहावी आणि फॉर्म २१ वरील, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावरील, उत्पादनाचा महिना व वर्ष तपासावे. यार्डात अनेक महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ग्राहकाकडे येण्याआधीच खंगलेली असू शकते. पार्किंग तळघरात असेल, तर कनेक्टेड यंत्रणा रेंज नसताना कशी वागते हे विक्रेत्याला लेखी विचारावे. आणि जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना वाचावा. आपले वाक्य तिथे नसेल तर सही न करता ते लिहायला लावावे. संगणकात बसत नाही म्हणाले, तर पेनाने लिहून त्याचा फोटो काढावा. मी नंतर तसेच केले आणि कोणी हरकत घेतली नाही.

गाडीला पाचपैकी साडेतीन तारे देते : बैठक, चाल आणि ब्रेक यांसाठी; कारखान्यात अर्थिंगचा बोल्ट रंगावर बसवला गेला आणि तो कुठल्याच तपासणीत पकडला गेला नाही, यासाठी दीड तारा कमी. स्थानिक सर्व्हिस सेंटरला दीड. विभागीय इंजिनिअरांच्या कामाला पाच, पण ते तक्रार हेल्पलाइनवर गेल्यानंतरच आले, हेही तितकेच खरे आहे.

माझ्या मागण्या सध्या अशा आहेत : बदललेल्या मॉड्यूलसाठी आणि वायरिंगसाठी कंपनीच्या खर्चाने वाढीव वॉरंटी, तीही लेखी; गाडी बंद असतानाच्या काळातील टॅक्सीचा खर्च, ज्याच्या पावत्या जोडल्या आहेत; आणि जुन्या जॉब कार्डांवर माझी मूळ तक्रार नोंदवून कंपनीच्या सही-शिक्क्याची दुरुस्त प्रत. पहिली मागणी तोंडी मान्य झाली आहे, दुसरीवर विचार चालू असल्याचे कळवले आहे, तिसरी डीलरला सर्वांत अवघड वाटते आहे. तिन्हींची उत्तरे लेखी आली की कंपनी आणि डीलर यांच्या नावांसह ती येथे जोडीन, आणि उत्तर न आल्यास तक्रार दोन वर्षांची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाखल होईल.